पर्वती : वर कोण, खाली कोण

पर्वतीवरच्या जुन्या बांधकामात एक खिडकी दाखवतात. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसरा बाजीराव इथून खडकीची लढाई पाहत होता, असं सांगतात. खिडकी नेमकी हीच का, यावर हुज्जत घालणारे पुण्यात भेटतीलच. संगमाजवळची रेसिडेन्सी सोडून इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन त्या दिवशी खडकीला आपल्या फौजेला जाऊन मिळाला होता. इंग्रजांची फौज तीन हजारांच्या आतली, मराठ्यांची त्याच्या कितीतरी पट. मराठ्यांकडचे मोरोपंत दीक्षित पडले, मराठी घोडदळाची दौड वाटेतल्या दलदलीत रुतली, आणि जळाली ती मागे राहिलेली रिकामी रेसिडेन्सी. एवढ्या लांबून पर्वतीवर दिसले असतील ते धुराचे आणि धुळीचे लोट. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पेशवा तोवर पुण्याबाहेर पडला होता.

रणात सेनापती बापू गोखले आणि टेकडीवर धनी, ही गोष्ट पुणेकर दोनशे वर्षं चघळत आले आहेत. बाजीरावाला भित्रा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला त्या गोष्टीत रस आहे तो टेकडीमुळे. पर्वतीचा इतिहास वाचत गेलं की सारखा एकच प्रसंग वेगवेगळ्या वेशात समोर येतो : कोणीतरी वर उभं राहून खाली पाहतंय, आणि खाली जे चाललंय ते त्याच्या हातात आहे किंवा नाही. वर कोणाला उभं राहू द्यायचं, हेही या शहरात अनेकदा ठरवलं गेलं, कधी फर्मानानं, कधी दगडांनी, कधी नुसत्या पैशानं.

आज वर जायला कोणाची आडकाठी नाही. पहाटे पाचपासून पायऱ्यांवर वर्दळ असते. पायऱ्या १०३, रुंद, दगडी, बेताच्या उंचीच्या. हत्ती चढावेत अशा बेतानं बांधल्या असं म्हणतात आणि त्यांची रुंदी पाहता ते पटतं. पुण्यात ‘पर्वती करतो’ असं म्हणणारा माणूस देवाबद्दल बोलत नसतो, गुडघ्यांबद्दल बोलत असतो. कोण रोज किती फेऱ्या मारतो, कोणाची शुगर किती उतरली, कोणाच्या गुडघ्याची वाटी बदलायची ठरली, हा सगळा हिशेब कट्ट्यावर होतो. पोलिसभरतीची तयारी करणारी पोरं याच पायऱ्या धावत चढतात आणि आजोबा मंडळी ‘अरे, सावकाश’ म्हणत कडेला होतात. दुपारनंतर माणसं बदलतात. तटाच्या सावलीत जोडपी येऊन बसतात, आणि सकाळच्या मंडळींचं त्यांच्याविषयीचं मत काय असेल ते सांगायला नको.

टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० फूट. म्हणजे शहराच्या सपाटीपासून तशी फार नाही. पण ती उभी आहे मोक्याच्या जागी. तळजाई-पाचगावकडून उत्तरेकडे येणाऱ्या डोंगररांगेचं हे टोक, जुन्या पेठांच्या अगदी पुढ्यात येऊन थांबलेलं. उत्तरेला पायाशी सारसबागेचा हिरवा तुकडा, पलीकडे स्वारगेटची गर्दी, मग पेठा. पश्चिमेला वेताळ टेकडीची लांबलचक पाठ. नैर्ऋत्येला, हवा स्वच्छ असेल तर, सिंहगड आणि त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा. पावसाळा सरल्यावरचे काही आठवडे हवा तशी असते, एरवी धुरकं. नवखा माणूस इथून शनिवारवाडा शोधतो. तो दिसत नाही, इमारतींनी गिळलाय. ज्यांनी टेकडीवर हे सगळं उभारलं त्यांना आपला वाडा इथून दिसत असणार, आणि दिसावा अशी त्यांची इच्छाही असणार.

उभारलं ते नानासाहेब पेशव्यांनी. आधी टेकडीवर देवीचं ठाणं होतं आणि पायथ्याला पर्वती नावाचं गाव. गाव अजून आहे, शहराच्या पोटात. मातोश्री काशीबाईंच्या पायाला दुखणं होतं, देवीला नवस बोलला, पाय बरा झाला, म्हणून मंदिर बांधलं, ही एक कथा. मंदिर सातारच्या शाहू महाराजांच्या सन्मानार्थ उभारलं, ही दुसरी. दोन्ही खऱ्या असायलाही हरकत नाही. नवस आणि राजकारण एका खर्चात बसवणं पेशव्यांना जमत होतं. देवदेवेश्वराचं मंदिर १७४९ साली पुरं झालं. मधे शंकर, चार कोपऱ्यांत गणपती, सूर्य, विष्णू आणि देवी, असं पंचायतन. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शाहू महाराज वारले आणि मराठी राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याला सरकला तो कायमचा. पुणं राजधानी होत असताना तिच्यावर नजर ठेवणारी टेकडीही सजून तयार होती.

त्या काळातलं खरं मोठं काम मात्र देवळाचं नाही. ते आहे पाण्याचं, आणि ते टेकडीवर नाही, खाली आहे.

कात्रजच्या डोंगरातून आंबिल ओढा निघतो. पूर्वी तो थेट गावात शिरत असे. नानासाहेबांच्या काळात दोन गोष्टी झाल्या. कात्रजला बांध घालून तलाव केले आणि तिथून जमिनीखालून नळ घालून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं, निव्वळ उताराच्या जोरावर. वाटेत गाळ बसायला आणि हवा खेळायला उच्छ्वास ठेवले, गावात हौद बांधले. आणि पर्वतीच्या पायथ्याशी ओढ्याला अडवून, त्याची वाट पश्चिमेला मुठेकडे वळवून, एक मोठा तलाव केला. पंचवीस एकरांच्या आसपास पाणी, मधे एक बेट, बेटावर बाग. ते बेट म्हणजे सारसबाग. १७८४ साली सवाई माधवरावांच्या काळात तिथे गणपती बसला, म्हणून तो आजही तळ्यातला गणपती. तळं कधीच गेलं. आधी दुर्लक्ष, मग गाळ, मग डास, शेवटी भराव. तळाच्या एका भागात १९५३ साली पेशवे पार्क झालं. तिथली ‘फुलराणी’ गाडी कित्येक पिढ्यांनी अनुभवलेली. पार्कातले प्राणी १९९९ साली कात्रजला हलवले, म्हणजे ओढ्याच्या प्रवाहाच्या उलट दिशेनं गेले म्हणायचं. दिवाळीच्या पहाटे सारसबागेत नवे कपडे घालून पणत्या लावायला हजारो लोक जमतात. आपण तलावाच्या तळाशी उभे आहोत हे त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात येत असेल कोण जाणे. पाण्याच्या मात्र ते ध्यानात असतं.

पायथ्यालाच रमणा भरत असे. श्रावणात देशभरातून ब्राह्मण पुण्याला येत आणि त्यांना दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची; १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचा मोड झाल्यावर पहिल्या बाजीरावानं ती पुण्याला आणली. खर्च लाखांच्या घरात. आवारात माणसं कोंडून घ्यायची, एकाच वाटेनं एकेकाला बाहेर सोडायचं आणि त्याच्या हातावर दक्षिणा ठेवायची, म्हणजे तोच माणूस पुन्हा रांगेत येऊ नये. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा असा बंदोबस्त! पेशवाई गेली तरी दक्षिणेचा निधी राहिला. एल्फिन्स्टनला शहर शांत ठेवायचं होतं, त्यामुळे एका रात्रीत हात आखडता घेणं परवडणार नव्हतं. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती याच पैशातून. तिचं पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झालं. १८४९ साली पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला की दक्षिणेतला काही भाग मराठीत उपयोगी पुस्तकं लिहिणाऱ्यांना, जातीचा विचार न करता, द्यावा. गावात केवढा गहजब झाला. मराठी ग्रंथाला पैसा द्यावा की संस्कृत पठणाला, या प्रश्नावर पुण्यात माणसं हमरीतुमरीवर आली, आणि या भांडणाची मुळं पर्वतीच्या पायथ्याच्या त्या आवारात होती.

वरचा माणूस हतबल कसा होतो, ते मात्र बाजीरावाच्या आधी नानासाहेबांनी दाखवलं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव, दोघेही गेले. नानासाहेब उत्तरेकडे निघाले होते, बातमी ऐकून खचलेले परत आले आणि पर्वतीवर राहिले. २३ जून १७६१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. वय चाळीस. ती जागा टेकडीवर दाखवतात. समाधी मात्र खाली, मुठेच्या काठी, पुलाच्या सावलीत. पुण्याच्या पेठा वसवणाऱ्या, त्यांना पाणी पाजणाऱ्या या माणसाच्या समाधीशेजारून रोज हजारो वाहनं जातात आणि कोणाची मान तिकडे वळत नाही. पर्वतीवरच्या संग्रहालयात पेशव्यांची चित्रं, शस्त्रं, नाणी आहेत. शाळांच्या सहली येतात, गुरुजी घाई करतात.

आता १३ ऑक्टोबर १९२९. रविवार होता. पर्वतीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं करावं, अशी मागणी विनंतीअर्जांच्या वाटेनं करून झाली होती. देवस्थानच्या पंचांनी दाद दिली नाही. महाडचा सत्याग्रह दोन वर्षांपूर्वी झाला होता, नाशिकचा काळाराम मंदिराचा अजून व्हायचा होता. पुण्यात शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज पुढे झाले. त्यांच्या बरोबर ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे होते, काँग्रेसचे काकासाहेब गाडगीळ होते, आणि पंचविशीच्या उंबरठ्यावरचे एस. एम. जोशी होते. राजकारणात एकमेकांवर तुटून पडणारी ही माणसं त्या दिवशी एकाच पायऱ्या चढत होती. पुण्याच्या सार्वजनिक जीवनात असा मेळ फार वेळा जमलेला नाही, म्हणून याची नोंद ठळक करावीशी वाटते.

वर दरवाजे बंद होते. आणि वर माणसंही होती, हातात दगड घेतलेली. उंचावरून दगड मारणं सोपं, खालून चढणाऱ्यानं तो चुकवणं अवघड. टेकडीचा हा उपयोग पेशव्यांच्याही डोक्यात आला नसेल. सत्याग्रहींना मारहाण झाली, राजभोज जखमी झाले. मुंबईत डॉ. आंबेडकरांनी या प्रकाराचा निषेध केला. सत्याग्रह पुढच्या जानेवारीपर्यंत चालू राहिला आणि देऊळ न उघडताच थांबला. कायद्यानं दरवाजे उघडले ते १९४७ साली, मुंबई प्रांताच्या मंदिरप्रवेशाच्या कायद्यानं. मधली अठरा वर्षं पर्वतीवर फिरायला जाणाऱ्यांची वर्दळ नेहमीसारखीच होती. हा भाग मला जास्त टोचतो. दगड मारणारे मोजकेच असतील, पण दुसऱ्या दिवशी त्याच पायऱ्यांवरून हवा खायला गेलेले असंख्य होते. सत्याग्रहाची माहिती पुस्तकांत, अभ्यासकांच्या लेखांत मिळते. टेकडीवर येणाऱ्याला ती सहजासहजी मिळत नाही. पेशव्याची खिडकी दाखवणारे पुष्कळ भेटतात.

१९६१ मध्ये वर-खालीचा अर्थ एका दिवसात पालटला. पानशेतचं धरण पुरं व्हायच्या आधीच भरलं. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्याच्या धरणात आलं आणि दुपारी खडकवासलाही गेलं. पेठांमध्ये पाणी शिरलं, लकडी पूल बुडाला, वाडे मातीसारखे विरघळले. बरेचसे मातीचेच होते. ज्याला जमेल तो उंचावर पळाला, आणि पुण्यात उंच म्हटलं की पर्वती. त्या दिवशी पायऱ्यांवर जात विचारायला कोणाला फुरसत नव्हती. जे पुणं पेशव्यांनी ऐटीत न्याहाळलं होतं, ते बुडताना त्याच टेकडीवरून पुणेकरांनी पाहिलं. आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही पुणेकरासमोर ‘पानशेत’ हा शब्द काढून बघा; तो तारखेनं नाही, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं त्यानं सुरुवात करतो. पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले, कारण खडकवासलाच रिकामं झालं होतं. लोक जुन्या विहिरींकडे आणि हौदांकडे वळले. दोनशे वर्षांपूर्वीची सोय कामाला आली.

पुरानं शहराचा नकाशा बदलला. नदीकाठच्या पेठांतून उठलेल्या कुटुंबांसाठी गोखलेनगरला, पर्वतीच्या मागे सहकारनगरला आणि इतरत्र वसाहती झाल्या. पूरग्रस्तांच्या गृहरचना संस्थांची संख्या १०३, म्हणजे पर्वतीच्या पायऱ्यांइतकी. योगायोग आहे, अर्थ काढू नये. या संस्थांच्या जमिनीच्या मालकीचा घोळ पुढे अनेक दशकं चालला. तरी या कुटुंबांना निदान कागद होते. ज्यांच्याकडे तेही नव्हते, खेड्यांतून कामाच्या शोधात आलेले होते, ते पर्वतीच्या पश्चिम उतारावर चढत गेले. ती जनता वसाहत, पुण्यातल्या मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी एक. खालची घरं कालव्याला टेकलेली, वरची खडकाला. देवळाच्या बाजूनं पर्वती ‘करणाऱ्या’ पुष्कळांनी ही बाजू कधी पायी चढलेली नसते. घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले, गवंडी, महापालिकेचे सफाई कामगार इथून रोज उतरतात आणि रात्री चढतात. त्यांच्या फेऱ्या कोणी कट्ट्यावर मोजत नाही.

पायथ्याचा कालवा म्हणजे मुठेचा उजवा कालवा, खडकवासल्याबरोबर एकोणिसाव्या शतकात खणलेला. २७ सप्टेंबर २०१८ रोजी भर दिवसा त्याची भिंत दांडेकर पुलाजवळ फुटली आणि तिथल्या वस्तीतल्या शेकडो घरांत पाणी घुसलं. पाऊस नव्हता, ऊन होतं. संसार वाहून गेले, आणि उंदीर-खेकड्यांनी कालवा पोखरल्याचा खुलासा वर्तमानपत्रांत छापून आला. जवळजवळ एका वर्षानं, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, कात्रजच्या डोंगरावर ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि आंबिल ओढा उठला. कात्रजपासून अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीपर्यंत भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. बहुतेकांना आपल्या शेजारी ओढा आहे हे माहीत होतं. तो नदी होऊ शकतो हे माहीत नव्हतं. पात्रात भराव टाकलेला, भिंती पुढे सरकलेल्या, पुलांच्या मोऱ्या अरुंद. हे एका वर्षात झालेलं नसतं आणि कोण्या एका माणसानं केलेलंही नसतं. जून २०२१ मध्ये ओढ्याचं पात्र सरळ करायचं म्हणून दांडेकर पुलाजवळची घरं ऐन पावसाळ्यात पाडायला यंत्रं आली. माणसं रस्त्यावर उतरली, कोर्टाची स्थगिती आली. ओढ्यालगतच्या सोसायट्यांच्या भिंतींपुढे एवढ्या तातडीनं यंत्रं गेल्याचं मला आठवत नाही.

पाण्याचा हा सगळा मामला सुरू होतो डोंगरउतारावर. आपला काळा खडक पाणी सावकाश पितो. वर माती आणि झाडी असेल तर ते मुरायला सवड मिळते, नाही तर ते सरळ ओढ्यात येतं. म्हणूनच एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, असा नियम झाला. १९९७ साली पालिकेत आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यान आखलं गेलं. आखलेलं सगळं राखलं गेलं असं कोणी म्हणणार नाही. पर्वतीच्या मागे तळजाई-पाचगावचं वनविभागाचं रान त्यातल्या त्यात शाबूत आहे, मोर ओरडतात. पण तिथेही हिरवं दिसतं त्यातलं पुष्कळ गिरिपुष्प आहे, परदेशातून आणून लावलेलं, झटपट वाढणारं. फेब्रुवारीत गुलाबी फुलतं तेव्हा फोटो छान येतात. त्याच्याखाली इथलं गवत आणि झुडपं फारशी वाढत नाहीत, अशी जाणकारांची तक्रार आहे. देशी झाडं लावणारे गट आता टेकड्यांवर पाण्याचे कॅन घेऊन जाताना दिसतात; त्यांची चिकाटी मोठी आहे, टेकडी त्याहून मोठी.

पाणी वर चढवायची यंत्रं आल्यापासून नानासाहेबांचं गणितही उलटं झालंय. पुण्याच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक चौकट येते : देखभाल-दुरुस्तीसाठी येत्या गुरुवारी पर्वती जलकेंद्र बंद, शुक्रवारी सकाळी कमी दाबानं पाणी. खाली टाकीनुसार भागांची यादी. खडकवासल्याचं पाणी पर्वतीच्या पायथ्याशी शुद्ध होतं, उंचावरच्या टाक्यांत चढतं आणि तिथून उतरत शहरात जातं. एका टाकीच्या नावापुढे बुधवार, भवानी, नाना या जुन्या पेठा असतात. दुसरीच्या नावापुढे सहकारनगर, धनकवडी आणि यादीच्या शेवटाकडे कात्रज. जिथून एके काळी पुण्याला पाणी येत होतं, ते कात्रज आता बुधवारी रात्री पिंपं भरून ठेवतं.